चंद्राच्या तक्त्यातले कोरे चौकोन मी भरून द्यावेत का?

पाचवीची आई

नमस्कार. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही.

लेक पाचवीत आहे. विज्ञानाच्या बाईंनी महिनाभराचा प्रकल्प दिलाय. तीस चौकोनांचा तक्ता. रोज चंद्र बघायचा, जसा दिसला तसा चौकोनात काढायचा, खाली वेळ लिहायची. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात झाली, काल २३वा दिवस होता. तिची वेळ ठरलेली आहे: रात्री आठला गच्चीवर.

गेले दहा-बारा दिवस मी कामाच्या गडबडीत होते. काल रात्री तक्ता हातात घेतला आणि पोटात गोळाच आला. पहिले दोन चौकोन कोरे. तिसऱ्यात नखाएवढी कोर. मग रोज थोडा थोडा वाढलेला चंद्र, मधे ११ आणि १२ पुन्हा कोरे. १५व्यात पूर्ण गोल, पेन्सिलीने इतका दाबून गिरवलाय की कागद चकाकतोय. १६व्यात तो समोरच्या इमारतीला टेकलेला. आणि त्यानंतर सलग सात चौकोन, प्रत्येकात एकच शब्द. नाही. नाही. नाही.

मी विचारलं, "वर गेलीच नाहीस ना?" तिचे डोळे भरून आले. "रोज गेले गं. तो आलाच नाही."

मी तिच्यावर विश्वास ठेवला नाही. वाढत वाढत गेलेला चंद्र अचानक सात दिवस गायब कसा होईल? कमी होत जाईल, पण दिसेल तर खरा. ती रडून झोपली. मग मी फोनवर चंद्रकलांची चित्रं उघडली, तिची पेन्सिल घेतली आणि १७वा चौकोन भरलासुद्धा. तिथे थांबले.

थांबले ते गेल्या वर्षीच्या आठवणीने. चौथीत सूर्यमालेची प्रतिकृती करायची होती. मी दोन रात्री जागून थर्माकोलचे गोळे रंगवले, शनीला पुठ्ठ्याची कडी कापून बसवली. सुंदर झाली होती. वर्गात तिला विचारलं, शनीची कडी कशाची असतात? ती म्हणाली, पुठ्ठ्याची. सगळा वर्ग हसला. दोन दिवस ती शाळेत जायला तयार नव्हती. कडी बर्फाच्या आणि दगडांच्या तुकड्यांची असतात, एवढं एक वाक्य मी गोळे रंगवताना तिच्याशी बोलले नव्हते, कारण ती तेव्हा झोपलेली होती.

आठवड्याभरात तक्ता द्यायचा आहे. ते चौकोन मी भरून देऊ का? आणि एकूणच, या वयातल्या मुलांच्या प्रकल्पांना आपण किती हात लावायचा?

दोन पोरांचा बाबा

ताई, मी भरून द्या म्हणेन. थोरल्याच्या वेळी आम्ही असाच एक पावसाचा तक्ता प्रामाणिकपणे अर्धा कोरा दिला होता. 'अपूर्ण' असा लाल शेरा आला, गुण कापले गेले, आणि आईबापांनी बसून भरलेले तक्ते फळ्याशेजारी लागले. पोरगं महिनाभर आकाशाकडे बघत होतं, त्याचं कुणाला काही नव्हतं. तुमची लेक आधीच एकदा वर्गात दुखावली आहे. पुन्हा तेच कशाला?

खडूवाली

ताई, ती पेन्सिल आधी खाली ठेवा. १७व्या चौकोनातलं तुम्ही काढलेलं खोडून टाका आणि तिथे लेकीचं 'नाही' तिच्या हाताने परत लिहू द्या.

मी २२ वर्षं पाचवी-सहावीला शिकवते. हा चंद्राचा प्रकल्प मी स्वतः कितीतरी वर्षं दिलाय. तुमच्या लेकीचा तक्ता तुम्ही इतका बारकाईने सांगितलात की मला तो दिसतोय, आणि त्यातला एकही चौकोन चुकलेला नाही. ती खरंच रोज गच्चीवर गेली होती. न जाता असा तक्ता रचताच येणार नाही, कारण न जाणारं मूल तुमच्यासारखंच रोज एक एक चंद्र काढून मोकळं होतं.

आता त्या सात 'नाही'चं सांगते. पौर्णिमेला चंद्र साधारण सूर्य मावळताना उगवतो. त्यानंतर तो रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. म्हणजे पौर्णिमेला साडेसहाच्या सुमाराला आला, तर १६व्या दिवशी सव्वासात-साडेसातला. आठ वाजता तो अजून खालीच, म्हणून इमारतीला टेकलेला! १७व्या दिवशी तो आठ वाजून गेल्यावर येणार. ती आठला बघून खाली उतरली. पुढे नऊ, मग दहाच्या आसपास, आणि कालपरवाकडे मध्यरात्र. आठ वाजता गच्चीवर उभ्या असलेल्या माणसाला हा आठवडाभर चंद्र दिसूच शकत नाही. पहिल्या दोन कोऱ्या चौकोनांचंही तसंच आहे. अमावास्येनंतरची कोर सूर्याच्या मागोमाग मावळते. आठ वाजेपर्यंत ती एकतर मावळलेली असते किंवा क्षितिजाला इतकी टेकलेली की घरांमागे दिसत नाही. तुमच्या लेकीने एकच वेळ पाळली म्हणून हे सगळं तक्त्यात उतरलं. मोठ्या माणसांनाही हे माहीत नसतं. 'चंद्र रात्री असतो' एवढंच आपण धरून चालतो.

तिला हे सांगून टाकू नका मात्र. मी वर्गात करते ते असं: पाटीवर १४४० लिहायचं, म्हणजे दिवसाची मिनिटं. एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस लागतात, ते पाचवीच्या भागाकारासाठी ३० धरायचे. १४४० भागिले ३०. उत्तर येतं ४८. चंद्राला महिन्यात सूर्याच्या मानाने एक पूर्ण फेरी मागे पडायचंय, तर रोज किती मिनिटं मागे पडेल? ४८. मग पौर्णिमेच्या साडेसहात ४८ मिळवत जायचं, एकेका चौकोनाखाली वेळ लिहीत. १७व्या चौकोनापाशी मुलं आपोआप गप्प होतात. मी वाट बघते त्या गप्प होण्याची. हिशोब अंदाजाचाच आहे. उगवण्याची वेळ रोज नेमकी ४८ मिनिटांनी सरकत नाही, कधी कमी, कधी जास्त. पण पाचवीला पुरतो.

आणि उरलेले सात दिवस वाया घालवू नका. चंद्र गेलेला नाही, तो सकाळी आहे. उद्या शाळेला निघताना, सातच्या सुमाराला, तिला वर बघायला सांगा. अर्ध्याहून कमी, फिकट, पांढरा, ढगाच्या तुकड्यासारखा उंच आकाशात असेल. पुढे रोज बारीक होत पूर्वेकडे, सूर्याच्या दिशेने सरकेल. उजळ बाजू सूर्याकडे आहे ना, एवढं तिला तपासू द्या. सूर्याकडे मात्र थेट बघायचं नाही. भिंतीच्या सावलीत उभं राहायचं, म्हणजे सूर्य भिंतीआड राहतो. शेवटचे दोन-तीन दिवस कोर सूर्याच्या इतकी जवळ जाते की दिसणार नाही. तिथे पुन्हा 'नाही'.

हात किती लावायचा, तर गच्चीचं दार उघडून द्या, सकाळी हाक मारा, सोबत उभ्या राहा. कागदावर पेन्सिल तिची.

बाबा, तुमच्या मुलाचं वाचून वाईट वाटलं. तो शेरा चुकीचा होता. कोरा चौकोन आणि न बघितलेला दिवस यात फरक आहे, आणि तो फरक कागदावर दिसत नाही, तो विचारावा लागतो. म्हणून मी तक्त्यासोबत अर्ध्या पानाची टीप मागते, मुलाच्या शब्दांत: किती वाजता बघितलं, कुठून बघितलं, का दिसलं नसेल असं वाटतं. ताईंच्या लेकीनेही अशी टीप जोडावी. तिच्या बाई शहाण्या असतील तर त्या तक्त्याआधी ती टीप वाचतील.

रात्रपाळी

मी रात्री पहारा देतो. बाईंनी लिहिलंय ते अगदी खरं. परवा साडेअकरा-बाराला तो फाटकाच्या वर आला, पिवळट, अर्ध्याच्या जरा वर. पहाटे निघतो तेव्हा डोक्यावर असतो. ताई, तुमच्या लेकीला सांगा, तिने 'नाही' लिहिलं त्या सगळ्या रात्री तो उशिरा का होईना आला होता. मी बघितलाय.

सहावीचा बाबा

हात लावण्यावरून एक सांगतो. आमच्याकडे ठरलंय, धारदार आणि जड ते माझं, बाकी सगळं त्याचं. पुठ्ठा मी कापतो, पण कुठे कापायचा ती रेघ त्याने मारायची. रेघ चुकली तर मी चुकीचाच कापतो. पहिल्या वेळी त्याला राग आला, दुसऱ्या वेळी त्याने दोनदा मोजलं.

गेल्या वर्षीची ती प्रतिकृती ताईंना फार लागलेली दिसते, म्हणून हे सुचवतो. सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर पृथ्वी आणि चंद्र मापात करून बघा. फक्त दोन चेंडू आणि दोरी लागते. पृथ्वीचा व्यास १२,७४२ किलोमीटर, चंद्राचा ३,४७४, म्हणजे साधारण पावपट. अंतर सरासरी ३,८४,४०० किलोमीटर, म्हणजे तीस पृथ्व्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढं. १२ सेंटिमीटरचा चेंडू पृथ्वी धरला तर चंद्र सव्वातीन सेंटिमीटरचा, आणि तो ठेवायचा ३ मीटर ६० सेंटिमीटरवर. आधी मुलाला अंदाजाने ठेवायला सांगा. आमच्या चिरंजीवांनी वीतभर अंतरावर ठेवला होता. मग दोरी मोजत मोजत तो दिवाणखान्यातून थेट दारापर्यंत गेला आणि तिथून ओरडला, "एवढा लांब?" याच मापाने सूर्य जवळपास १३ मीटर रुंद होतो आणि १४०० मीटरवर जातो. ते त्याने स्वतः गुणून काढलं, मी फक्त पाढा ऐकला.

पाचवीची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. खडूवाली बाई, तुमचं उत्तर मी काल रात्री तीनदा वाचलं.

१७व्यातलं माझं चित्र खोडलं. लेक उठल्यावर आधी तिला सांगितलं, तू रोज वर जात होतीस यावर मी विश्वास ठेवायला हवा होता. ती काही बोलली नाही, माझ्याकडे बघत वेणी पुढे घेऊन बसली. मग म्हणाली, "तू खोडलंस ते नीट गेलं नाहीये. अजून दिसतंय."

सात वाजता खाली उतरलो. मी मुद्दाम कुठे बघ ते सांगितलं नाही, नुसतं म्हटलं, जरा वर बघ. तिने दप्तर तिथेच रस्त्याच्या कडेला टेकवलं आणि मान वर करून एक गिरकी घेतली. पाण्याच्या टाकीच्या बाजूला, खूप वर, होता. अगदी फिकट. मलाही पटकन सापडला नाही, तिने बोट धरून दाखवला. "आई, हा उलटा आहे." मला कळेना. तिने हवेत बोटाने काढून दाखवलं: संध्याकाळी जी बाजू भरलेली असायची ती आता रिकामी होती. हे माझ्या कधीच लक्षात आलं नसतं. वेळ लिहिली ७:०४ आणि शेजारी तिने आपणहून 'सकाळ' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या.

१४४० चा भागाकार आज संध्याकाळी करू. रात्रपाळीवाले दादा, तुमचा निरोप तिला दिला. तिने विचारलंय, १९व्या दिवशी तुम्ही किती वाजता बघितलात? तिला तिथे लिहायचंय.

एक शंका. ११ आणि १२ ला ढग होते, म्हणून तिने ते चौकोन नुसते कोरे ठेवलेत. चालेल का?

खडूवाली

उलटा! शाब्बास तिची. पौर्णिमेआधी चंद्र सूर्याच्या पूर्वेला असतो, नंतर पश्चिमेला, म्हणून उजळ बाजू बदलते. हे एक दिवस गिरवून कळत नाही, पंधरा दिवस संध्याकाळचा चंद्र हाताने काढलेला असावा लागतो. टीपेत तिचा तो 'उलटा' शब्द तसाच राहू द्या, तुम्ही सुधारू नका.

दादांची वेळ लिहायची तर त्यापुढे 'हे मी पाहिलं नाही, पहारेकरी काकांनी पाहिलं' असंही लिहायला सांगा.

आणि ११, १२ मध्ये 'ढग' लिहू द्या. 'नाही' आणि 'ढग' एक नव्हेत. 'नाही' म्हणजे आकाश मोकळं होतं, मी बघितलं, तो नव्हता. 'ढग' म्हणजे मी बघितलं, पण सांगता येत नाही. ज्या दिवशी बघितलंच नाही, त्याला तिसरा शब्द. तिला गॅलिलिओचं सांगा. जानेवारी १६१० मध्ये तो दुर्बिणीतून गुरूजवळचे ठिपके रोज टिपत होता. ७ तारखेला तीन दिसले, ८ला तीनच पण जागा बदललेली, आणि ९ला ढग. त्याने ढग म्हणूनच लिहून ठेवलं आणि त्याच वर्षी पुस्तिकेत तसंच छापलं. १० तारखेला तीनऐवजी दोनच दिसले, तिसरा गुरूच्या मागे गेला असावा असं त्याला वाटलं. गुरूचे चंद्र त्याच्याभोवती फिरतात हे त्याने अशाच दिसलेल्या आणि न दिसलेल्या रात्री एकत्र मांडून काढलं.

उद्या पाच-दहा मिनिटं लवकर निघा, म्हणजे जागा बदलून शोधायला वेळ मिळेल. रोज तो सूर्याकडे सरकतोय, आणि तुमच्या त्या टाकीच्या आड जाईल.