ईस्टरच्या आठवड्यात प्राग–व्हिएन्ना–बुडापेस्ट: सहा रात्रींत तिन्ही जमतील का?

पाठपिशवी:
मी म्युनिकला मास्टर्स करतेय, मैत्रीण मँचेस्टरला शिकते. दोघींचे पासपोर्ट भारतीय. माझ्याकडे जर्मनीचं रेसिडेन्स परमिट आहे, तिच्याकडे ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा. २०२७ मध्ये २५ मार्चच्या गुरुवारी निघून ३१ च्या बुधवारी परतायचं, म्हणजे सहा रात्री हाताशी. डोक्यात प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट. तिन्ही होतील का? तिने व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? मी इंटररेल पास (एकाच पासावर युरोपातल्या अनेक देशांत रेल्वेप्रवास) घ्यावा की सुटी तिकिटं? हॉस्टेल चालेल, सामान पाठीवरच्या बॅगेपुरतंच. खर्च विद्यार्थ्याला झेपणारा हवा.

रूळमापी:
प्राग गाळा. प्राग ते व्हिएन्ना रेल्वेने चार तास, प्राग ते बुडापेस्ट जवळपास सात. त्यात खोली सोडणं, सामान ठेवायला लॉकर शोधणं, नवीन शहरातली पहिली शोधाशोध धरली की तिसऱ्या शहरापायी एक अख्खा दिवस जातो. व्हिएन्ना ते बुडापेस्ट अडीच-पावणेतीन तासांत होतं. तीन रात्री इकडे, तीन तिकडे.

इंटररेल पास विसरा. तो रोज गाडी बदलणाऱ्यांसाठी. तुमचे मोठे प्रवास तीनच: म्युनिक–व्हिएन्ना, व्हिएन्ना–बुडापेस्ट आणि परतीचा. ऑस्ट्रियन रेल्वेची ‘श्पारशीने’ तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त पडतात, पण ती त्याच गाडीला बांधलेली असतात. गाडी चुकली की तिकीट संपलं.

डॉइचलँडटिकीट (जर्मनीभर प्रादेशिक गाड्यांत चालणारा मासिक पास) असेल तर म्युनिकहून साल्झबुर्ग मुख्य स्थानकापर्यंत वेगळं तिकीट लागत नाही, सीमा ओलांडूनही. फक्त प्रादेशिक गाडीत बसायचं. त्याच रुळांवरून रेलजेट आणि युरोसिटी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्याही जातात आणि त्यात हे तिकीट चालत नाही. घोटाळा नेमका इथेच होतो. साल्झबुर्गहून पुढे व्हिएन्नाला साधारण अडीच तास. ही दोन स्वतंत्र तिकिटं असल्यामुळे पहिली गाडी उशिरा आली तर दुसरीची जबाबदारी कोणी घेत नाही. मध्ये निदान तासभर ठेवा.

कागदपत्र:
आधी मैत्रिणीचा व्हिसा, कारण वेळ त्यालाच लागतो. शेंगेन व्हिसा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा) ज्या देशात जास्त मुक्काम त्याचा काढायचा. दोन्हीकडे सारखाच मुक्काम असेल तर ज्या देशातून शेंगेनमध्ये प्रवेश करणार त्याचा. तुमच्या तीन-तीन रात्रींत ती थेट विमानाने व्हिएन्नाला उतरली तर ऑस्ट्रिया. अर्जातली हॉस्टेल बुकिंग आणि विमानाची तिकिटं हेच सांगत असली पाहिजेत. अर्ज ऑस्ट्रियाकडे आणि बुडापेस्टला चार रात्रींचं बुकिंग, हे नाकारायला आयतं निमित्त.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा १५ दिवस आधी. पण ईस्टरच्या आधी अपॉइंटमेंट मिळणं मुश्कील, म्हणून जानेवारीच्या पुढे ढकलू नका. फी ९० युरो. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी.

तुम्हाला वेगळा व्हिसा नको. जर्मन परमिटवर इतर शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. मात्र नुसतं कार्ड घेऊन निघू नका, पासपोर्ट सोबत हवाच. जर्मनीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी सुरू केली, तेव्हा परतताना पोलिस डब्यात चढतील असं धरूनच चला. तुमचा आरोग्यविमा जर्मनीचा सरकारी असेल तर त्याच कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय आरोग्य कार्ड असतं. तातडीच्या उपचाराला ते ऑस्ट्रिया-हंगेरीतही चालतं.

फिरस्ती:
तुमच्या तारखा कोणी नीट पाहिलेल्या दिसत नाहीत. २०२७ चा ईस्टर २८ मार्चला आहे. म्हणजे २६ ला गुड फ्रायडे, २८ ला ईस्टर, २९ ला ईस्टर सोमवार, सगळं तुमच्या सहलीच्या पोटात. वर २८ च्या पहाटे घड्याळं दोनची थेट तीनवर जातात. शनिवारी रात्री उशिरापर्यंत हिंडून रविवारी सातची गाडी पकडण्याचा बेत असेल तर झोप एक तासाने कमी होईल हे लक्षात ठेवा. फोन आपोआप बदलतो, हातातलं घड्याळ नाही.

म्हणून क्रम व्हिएन्ना आधी, बुडापेस्ट नंतर असाच ठेवा. गुड फ्रायडेला ऑस्ट्रियात सार्वजनिक सुट्टी नसते, हंगेरीत असते. शुक्रवार-शनिवार व्हिएन्ना चालू मिळेल. रविवारी दुपारी बुडापेस्टला पोचलात की तिथे रविवार-सोमवार सुट्टी, मंगळवारपासून सगळं उघडं.

आता पोटाचं. ऑस्ट्रियातली सुपरमार्केटं शनिवारी संध्याकाळी सहाला बंद होतात, ती या खेपेला थेट मंगळवारी उघडतील. मोठ्या स्थानकातली दुकानं तेवढी उघडी, आणि तिथे रांग. बुडापेस्टलाही रविवार-सोमवार तेच. तेव्हा शनिवारी सहाच्या आत दोन दिवसांचा ब्रेड, चीज, फळं, दही घेऊन ठेवा. नाहीतर चारही जेवणं बाहेर होतील आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघराचा काही उपयोग राहणार नाही. पाणी विकत घेऊ नका, व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं.

व्हिएन्नात शुक्रवारी कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियम (सोमवारी ते एरवी बंद असतं), शनिवारी सकाळी नाशमार्क्टचा बाजार, मग बेल्व्हेडेअर राजवाड्यातलं कलासंग्रहालय. शोनब्रुनची बाग फुकट आहे, राजवाड्याला वेळेचं तिकीट लागतं, ते आधीच काढा. विद्यार्थी सवलतीला बऱ्याच ठिकाणी वयाची अट असते. नुसतं ओळखपत्र दाखवून भागेलच असं नाही. बुडापेस्टची संसद मंगळवारी ठेवा. तिथलं स्वस्त तिकीट युरोपीय नागरिकांसाठी असतं, जर्मनीत राहता म्हणून मिळत नाही.

सोमवार बुडापेस्टच्या सेचेनी या गरम झऱ्यांच्या स्नानगृहाला द्या. टॉवेल आणि रबरी चपला आपल्या न्या, पोहण्याच्या मोठ्या तलावात टोपी सक्तीची आहे. गेलेर्ट स्नानगृहाचं नाव जुन्या याद्यांत दिसेल. ते ऑक्टोबर २०२५ पासून दुरुस्तीसाठी बंद आहे.

पाठपिशवी:
ईस्टर डोक्यातच नव्हता! प्राग गाळलं. बुडापेस्टला युरो चालतात का? आणि मेट्रोच्या तिकिटांचं काय?

रूळमापी:
चलन फोरिंट. काही दुकानदार युरो घेतात, पण आपल्या दराने. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालतं. मशीन “युरोत की फोरिंटमध्ये” विचारेल तेव्हा फोरिंट. एटीएमवरही ‘रूपांतराशिवाय’ निवडा, आणि बँकेच्या भिंतीतलं एटीएम शोधा. पर्यटकांच्या रस्त्यावर सुटी उभी असलेली मशीनं महाग पडतात. बिलात सेवाशुल्क आधीच लावलेलं असतं का बघा, असेल तर टीप नको.

तिकीट दोन्ही शहरांत वापरण्याआधी पंच करायचं. नुसतं विकत घेऊन खिशात ठेवलेलं कागदी तिकीट तपासनीस तिकीट मानत नाही, आणि ‘माहीत नव्हतं’ यावर दंड माफ होत नाही. बुडापेस्टच्या अ‍ॅपवरचं एकेरी तिकीटही तसंच: प्रवेशाजवळचा क्यूआर कोड स्कॅन केला की मगच सुरू होतं. मैत्रीण परतीला विमानतळावर जाईल तेव्हा १००ई बसला वेगळं तिकीट लागतं. २००ई बस आणि एम३ मेट्रोने साधी तिकिटं चालतात, बदली तेवढी एक.

कागदपत्र:
एक राहिलं. शेंगेनच्या सीमेवर आता नवी प्रवेश-निर्गमन नोंद होते. व्हिएन्नाला उतरल्यावर तिला तिथे थांबावं लागेल, तुम्हाला परमिटमुळे नाही. भेटायची वेळ विमान उतरण्याच्या तासा-दीड तासानंतरचीच ठरवा.