अनुभव धागा: स्कॉटलंडच्या आडबाजूच्या लॉखांवर (तिथल्या तळ्यांवर) कनूतून

स्कॉटलंडबद्दल आपल्याकडे बरंच लिहून झालंय, पण बहुतेक सगळं काठावरून. हा धागा वल्हं स्वतःच्या हातात घेतलेल्यांसाठी. २००३ च्या जमीन सुधारणा कायद्यामुळे तिथे जवळपास कुठल्याही तळ्यात होडी घालता येते, आडरानात काठावर तंबू ठोकता येतो. अट एकच, जबाबदारीने वागायचं. (लॉख लोमंडच्या आसपास मात्र मार्च ते सप्टेंबर काही भागांत तंबूला परवाना लागतो.) कुठे गेलात, कुठल्या महिन्यात, आणि मुख्य म्हणजे वाऱ्याने काय केलं ते लिहा. किती किलोमीटर मारले ते नाही सांगितलंत तरी चालेल.

सुरुवात मी करते. लॉख मरी, वायव्य हायलँड्स, मे अखेर. साधारण २० किमी लांब तळं, त्यात साठाच्या वर बेटं, एका अंगाला ९८१ मीटरचा स्लिओख डोंगर. आइल मरी नावाच्या बेटावर जुनं दफनस्थान आहे आणि ओकच्या एका वठलेल्या खोडात लोकांनी नवसाची नाणी ठोकलीत. १८७७ मध्ये राणी व्हिक्टोरियाही तिथे जाऊन आली. आम्ही उतरलो नाही. काळ्या गळ्याचे डायव्हर पक्षी या बेटांवर अगदी पाण्याला लागून घरटी करतात, आणि तो त्यांचा विणीचा हंगाम. नाणी बघायची राहिली याचं मला काही वाटत नाही, सोबतच्यांना वाटलं.

वारा: सकाळी पाणी आरशासारखं, दुपारी वायव्येकडून दरीच्या तोंडातून सरळ आत. होडीची नाळ (पुढचं टोक) वळवायची म्हटलं तरी दोघांची ताकद लागत होती. मग पहाटे निघायचं आणि जेवणाच्या आत तंबू ठोकायचा, हेच वेळापत्रक झालं. उजाडतं लवकर, त्यामुळे जमतं.

ग्लासगोकर
ग्रेट ग्लेन केलंय. फोर्ट विल्यम ते इन्व्हरनेस, साधारण ९६ किमी. अभियंता थॉमस टेलफर्डचा कॅलेडोनियन कालवा (१८२२ मध्ये खुला झाला) आणि मध्ये लॉखी, ऑइख, नेस ही तळी. नोंदणी फुकट. कालव्याच्या पाणदरवाजांतून कनू नेऊ देत नाहीत, प्रत्येक ठिकाणी उचलून किंवा चाकांच्या गाडीवर घालून पलीकडे न्यायची. खांदे वल्ह्याने नाही, त्याने दुखतात.

सगळे नैऋत्येकडून ईशान्येकडे जातात, कारण वारा बहुतेक वेळा तसाच असतो. आता पाठीवर वारा म्हणजे मजा, असं लॉख नेसच्या पहिल्या काही किलोमीटरपर्यंतच वाटतं. ३७ किमी लांब आणि सरळसोट तळं. लाटा मागून वाढत वाढत येतात आणि कनू आडवी करू बघतात. काठ इतका उभा की उतरायला जागा शोधावी लागते. आम्ही दोन होड्या बांबूंनी शेजारी शेजारी बांधल्या आणि ताडपत्रीचं शीड केलं. कोकणातले खलाशी हसले असते, पण होडकं धावलं!

रानवाट
ग्लासगोकर, ग्रेट ग्लेन छान आहे, पण आडबाजूचं म्हणू नका हो. शेजारून हमरस्ता जातो.

रॅनॉख मूर बघा. रस्त्यालगत लॉख बा मध्ये होडी घालायची, तिथून अरुंद ओढ्याने लॉख लेडन, आणि त्याच्या पूर्व टोकाला उतरलात की थोडं चालून रॅनॉख स्टेशन. पाऊस झालेला नसेल तर ओढ्यात वल्हवणं कमी आणि गुडघाभर पाण्यात होडी ओढणं जास्त. चारी बाजूंना दलदल. १८९४ साली सुरू झालेली रेल्वे इथे झाडाझुडपांच्या मोळ्या आणि मातीच्या थरावर अक्षरशः तरंगत ठेवलीय. पाणी पीटमुळे (दलदलीतल्या कुजक्या वनस्पतींच्या थरामुळे) कोऱ्या चहाच्या रंगाचं. उकळून प्यायलो, मेतकूट-भातही त्यातच शिजवला. भात तपकिरी झाला, चवीला फरक नाही.

चहाबाज
जुलै. लॉख शील. चिलटं. बाकी काही आठवत नाही.

धागाकर्ती
चहाबाज, एवढ्यावर सुटका नाही!

चहाबाज
बरं. ग्लेनफिननहून निघालो, जिथे १७४५ मध्ये ब्रिटिश गादीसाठी बंड करणाऱ्या राजपुत्र चार्ल्स स्टुअर्टने झेंडा उभारला. तिथे आगगाडीच्या पुलाचे फोटो काढणाऱ्यांची जत्रा असते. पहिलं वळण घेतलं की सगळं गायब. पुढे संत फिननचं बेट लागतं. पडक्या देवळात काशाची जुनी घंटा साखळीला बांधलेली असायची, २०१९ मध्ये ती चोरीला गेली. तळं २८ किमी, संपतं अखारकलला.

आता चिलटांचं. वारा ताशी १०-१२ किमीच्या वर गेला की ती उडू शकत नाहीत. म्हणजे दिवसभर ज्या वाऱ्याला शिव्या घालायच्या, संध्याकाळी त्याचीच वाट बघायची. डोक्यावरून घ्यायची जाळी न्याच. आणि झोपताना गुडघ्यामागे, काखेत गोचीड बघा. लाइम नावाचा आजार त्यांच्यामुळे होतो.

नवशिका
कोयनेच्या जलाशयात कयाक चालवली आहे, पोहता उत्तम येतं. ऑगस्टमध्ये जमेल का?

ग्लासगोकर
पोहण्याचा भरवसा धरू नका. थंडगार पाण्यात पडल्यावर पहिल्या मिनिटात श्वासावर ताबाच राहत नाही, पट्टीचा पोहणाराही गटांगळी खातो. लाइफ जॅकेट अंगातच हवं, होडीत पडलेलं नको. गुडघ्यांवर बसून वल्हवा, होडी कमी डुलते. मधून जाऊ नका, काठ धरून जा.

रानवाट
वाऱ्याच्या ब्युफोर्ट मापावर ४ चा (मध्यम वाऱ्याचा) अंदाज असेल तर पहिल्या खेपेला निघूच नका. फोनला रेंज नसते, म्हणून अंदाज आदल्या रात्री गावात बघून घ्यायचा आणि परतायची वेळ कुणाला तरी सांगून ठेवायची. हाताशी एक दिवस जादा ठेवा. पत्त्यांचा कॅट घेऊन जा.

नवशिका
पत्ते घेतले. जाळी कुठे मिळेल?

चहाबाज
तिथल्या कुठल्याही गावच्या दुकानात, गल्ल्याशेजारीच टांगलेल्या असतात. दोन घ्या, एक फाटते.