ढोल वाजवणाऱ्यांना तायकोची भुरळ का पडते? आणि पुण्यात सुरुवात कशावर करायची?

टिपरू_थापी:
गणपती झाले, पथकाचे ढोल गोदामात गेले. आता आमच्यातल्या चार-पाच जणांच्या डोक्यात तायको, म्हणजे जपानी ढोलवादन, शिरलंय. दोन शंका आहेत. आपल्याकडे साठ-सत्तर ढोल एकदम वाजतात तेव्हा अंगावर काटा येतो, ते समजतं. तिकडे सात-आठ माणसं, त्यात मध्येच वाजवायचं थांबतात, तरी काटा येतोच. तो कशाने? दुसरी शंका व्यवहाराची. खरं वाद्य परवडणारं नाही, पेठेतल्या फ्लॅटमध्ये मावणारं नाही. मग सराव कशावर? ढोलच स्टँडवर ठेवून जाड काठ्यांनी वाजवला तर? 'मनापासून वाजवा, सगळं जमतं' छापाची उत्तरं कृपया नकोत.

मात्रा_सोळा:
शेवटचं आधी. ढोलावर वाजवू नका, पान (वाजवायचा पडदा) फुटेल. तायकोची काठी, म्हणजे बाची, साधारण ४० सेंमी लांब आणि २४-२५ मिमी जाड असते, आणि ती खांद्यातून येते. टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा, लवचिक फटका सोसणारं पातळ पान हा मार सोसत नाही, बहुधा रिंगजवळच चिरतं.

स्टँडवर दिसतो तो पिंपाच्या आकाराचा नागादो-दाइको. परंपरेने तो केयाकी झाडाचं अख्खं खोड आतून कोरून करतात आणि दोन्ही तोंडांवर गाईचं जाड कातडं खिळ्यांच्या रांगांनी ठोकतात. दोरी नाही, त्यामुळे आपण वादनाआधी ढोल ताणून घेतो तसला प्रकार त्यात नाही. कातडं उतरलं की काम थेट कारागिराकडे. दोरीने आवळायचा असतो तो ओकेदो. तो लाकडी पट्ट्या जोडून केलेला, म्हणून हलका. त्यातला खांद्याला अडकवून दोन्ही तोंडं वाजवायचा कात्सुगी ओकेदो हा आपल्या ढोलाचा चुलतभाऊ म्हणता येईल. तुमच्या लोकांना नाचत वाजवायची सवय असेल तर व्हिडिओ त्याचेच आधी बघा.

आता काट्याचं. पथकात ढोल ठोका धरून ठेवतो आणि ताशा वर नक्षी काढतो, खरं तर ताशाच सगळ्यांना हाकतो. तायकोच्या बहुतेक रचनांत हे उलटं आहे. शिमे-दाइको हा छोटा, कडक ताणलेला, ताशासारखाच टणक आवाजाचा. पण तो सरळ पाया धरतो. त्याला 'जी' म्हणतात. बोलतात ते मोठे तायको. ढोलवाल्याचा कान सवयीने वरच्या आवाजात नक्षी शोधतो आणि ती खाली, जड आवाजात सापडते. पहिला धक्का तिथे बसतो.

दुसरा धक्का 'मा'चा. मा म्हणजे दोन ठोक्यांमधली जागा. ताशा आपल्याकडे मोकळी जागा ठेवतच नाही, भरून टाकतो. तायकोत ती जागा मोजून ठेवलेली असते, आणि त्या वेळात हात वर जाताना दिसतो. हात वर गेला की बघणाऱ्याने ठोका मनात वाजवलेला असतो, मग खरा पडतो. थोडा उशिरा पडला तर आणखी भिडतो. त्यामुळे हात कसा उचलला हे तिथे वादनातच धरतात. नुसता आवाज ऐकून तायको अर्धा कळतो असं माझं मत आहे.

कोरी_कॅसेट:
वरच्या उत्तराला एक जोड. 'हजारो वर्षांची समूहवादनाची परंपरा' असं बरेच जण लिहितात, ते चूक. वाद्य फार जुनं आहे. देवळात, नो आणि काबुकी या नाट्यप्रकारांत, गावोगावच्या जत्रांत ते होतंच. पण लहान-मोठे तायको रंगमंचावर मांडून केलेलं समूहवादन, म्हणजे कुमी-दाइको, १९५१ पासूनचं. नागानो प्रांतातल्या दाइहाची ओगुची यांनी ते सुरू केलं. ते जॅझचे ड्रमर. सुवाच्या देवस्थानाची एक जुनी लिखित रचना हाती आली, ती त्यांना एकसुरी वाटली, म्हणून ड्रमसेटमधल्या वाटणीसारखे तिचे भाग त्यांनी वेगवेगळ्या तायकोंना वाटून दिले. सादो बेटावर ओन्देकोझा हे तायकोपथक १९६९ मध्ये आणि त्यातूनच पुढे कोदो; कोदोचं पहिलं सादरीकरण १९८१ मध्ये बर्लिनला झालं. 'कोदो' या उच्चाराचे अर्थ दोन, हृदयाचा ठोका आणि तायकोची मुलं.

सांगायचा मुद्दा, पेठेतल्या पथकाने यातलं काही उचललं तर कुणाचा हजार वर्षांचा नियम मोडत नाही. फक्त मियाके, चिचिबू अशा ठिकाणच्या जत्रेच्या शैली आहेत, त्यांना गावाचं नाव द्या. मियाकेत तायको जमिनीलगत आडवा असतो आणि वादक पाय फाकवून खोल बसतो. चिचिबूच्या ३ डिसेंबरच्या रात्रीच्या उत्सवात वादक रथाच्या आत बसूनच वाजवतात.

पंक्चर_आणि_पान:
सरावाला टायर. जपानबाहेरची कितीतरी पथकं त्यावरच शिकतात. कृती:

पंक्चरवाल्याकडून छोट्या गाडीचं, १२ ते १४ इंची रिमचं जुनं टायर घ्या. गुळगुळीत झालेलं चालेल, पण आतली तार बाहेर आली असेल तर नको, टेप आणि हात दोन्ही कापतात. साबणाने घासून दोन दिवस उन्हात वाळवा. टेप निघून येते ती नव्वद टक्के वेळा टायरला राहिलेल्या तेलामुळे किंवा ओलीमुळे.

४८ मिमी रुंदीची पारदर्शक पॅकिंग टेप घ्या. ६५ मीटरच्या एका रोलमध्ये ८० सेंमीच्या साधारण ८० पट्ट्या निघतात. पट्टी एका कडेला चिकटवा, भोकावरून पलीकडे ओढा आणि टोक टायरच्या बाहेरच्या नक्षीवर दाबा. ओढायला एक आणि टायर धरायला एक, अशी दोन माणसं लागतात. एका दिशेने अर्ध्या-अर्ध्या चढवून दहाएक पट्ट्या झाल्या की टायर थोडं फिरवून पुढची दिशा. आठ दिशा पूर्ण झाल्या की एक रोल संपतो. सुरुवातीला तेवढा पुरे. दणकट हातांना दीड रोल. शेवटी सगळी टोकं दाबून टाकणारे दोन-तीन वेढे बाहेरून गोल मारा. हे वेढे विसरलात तर आठवड्यात पट्ट्या सुटतात.

टेप सैल बसली तर आवाज मेलेला येतो आणि काठी उसळत नाही. वरून आणखी थर चढवून ते सुधारत नाही, सोलून पुन्हा करा. टायर फरशीवर सपाट ठेवू नका. खालून हवा मोकळी हवी, म्हणून स्टुलावर किंवा दुसऱ्या टायरवर, कमरेपेक्षा किंचित खाली येईल असं ठेवा. फ्लॅटमध्ये खालच्यांना त्रास होतो तो फरशीतून जाणाऱ्या धक्क्याचा. खाली जुनी गादी टाका.

बाची टिंबर मार्केटमध्ये किंवा ओळखीच्या सुताराकडून कातून घ्या. जपानमध्ये ओक, मॅग्नोलिया, हिनोकी वापरतात. इथे सागवान ठीक. बाभूळ जड, मनगट धरतं. टोकाच्या कडा गोल करून घ्या, नाहीतर टेप चिरते. आधी १२० चा, मग २२० चा पॉलिशपेपर, आणि व्हार्निश अजिबात नाही. घामाने काठी निसटते आणि समोरच्याच्या अंगावर जाते.

टिपरू_थापी:
हे भारी आहे. टायरचं ठरलं. पण सराव नेमका काय करायचा? आमचा उजवा हात तयार आहे, डावा फक्त थापीला, म्हणजे नुसत्या हाताच्या ठोक्याला, माहीत.

मात्रा_सोळा:
तुमची अडचण तीच असणार आहे. तायकोत दोन्ही काठ्या सारख्या लागतात.

उभं राहणं: पाय खांद्यापेक्षा बरेच रुंद, डावा पुढे, डावा गुडघा वाकलेला, उजवा पाय मागे जवळजवळ सरळ, कंबर खाली. ढोल कमरेला बांधला की आपण वजन तोलायला मागे झुकतो. ती सवय इथे मोडावी लागते. अंतर तपासायची सोपी खूण म्हणजे हात पुढे केले की दोन्ही बाचींची टोकं मध्यावर भेटली पाहिजेत. जवळ उभे राहिलात तर कोपर अडकतं आणि सगळं मनगटावर येतं.

काठी शेवटाजवळ, अंगठा आणि तर्जनीत सैल धरायची, बाकीची बोटं ठोक्याच्या क्षणी मिटतात. घट्ट धरली की शेवटच्या दोन बोटांच्या मुळाशी फोड येतात आणि काठी टेपमध्ये रुतते, उसळत नाही. खांदे कानाकडे चढले तर थांबा.

बोल तोंडी पाठ करायचे. तबल्यासारखंच, याला कुची-शोगा म्हणतात. 'दोन' हा एक मोठा ठोका (आपला आकडा नव्हे, पहिल्या दिवशी हसून घ्या). 'दोको' त्याच वेळात दोन ठोके, उजवा-डावा. 'का' काठावर, 'कारा' काठावर दोन. 'सु' म्हणजे विश्रांती, आणि तीही तोंडाने म्हणायची. शिमेसाठी बोल वेगळे: 'तेन', 'तेके'. टायरला काठाचा आवाज नाही, 'का'साठी बाजूच्या रबरावर मारा.

रोज वीस मिनिटं पुरे. मेट्रोनोम (लय धरणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर. पाच मिनिटं फक्त डावा, 'दोन सु दोन सु', प्रत्येक वेळी हात डोक्याच्या वर नेऊन. मग पाच मिनिटं 'दोको दोको', दोन्ही काठ्या सारख्या उंचीवर. आरशात बघा, डावी नक्की खाली राहते. उरलेल्या वेळात एकाने 'दोको'ची जी धरायची आणि दुसऱ्याने वर 'दोन दोन दोको दोन'. ढोलवाले 'सु'मध्ये थापी घालतात, हमखास. ज्याने घातली त्याने जी धरायला जायचं. वेग पहिला महिनाभर वाढवू नका.

नदीपात्र_रोज:
बघण्याबद्दल कुणी काही लिहिलं नाही म्हणून. फोनच्या स्पीकरवर तायको बघू नका. खालचे सूर त्यातून येतच नाहीत आणि मोठा ओ-दाइको खोक्यावर टिचकी मारल्यासारखा वाटतो. साधे बरे हेडफोन लावा. प्रत्यक्ष बघायची संधी आली तर पहिली रांग सोडा, मधल्या रांगेत सगळ्यांचे हात एका रेषेत दिसतात. 'सोरे', 'हा' असे ओरडे ऐकू येतात ते कुठे पडतात याकडे लक्ष द्या. बऱ्याचदा ते पुढच्या तुकड्याचा इशारा असतात. आपल्याकडे पथकप्रमुखाच्या शिट्टीचं काम तिकडे तोंडाने होतं. 'ओरोशी' नावाचा भागही ओळखायला शिका. ठोके सावकाश सुरू होतात आणि जवळजवळ येत येत एकमेकांत मिसळतात. तो ठरलेल्या मात्रांत बसवलेला नसतो, त्यामुळे टाळी धरायला गेलात तर फसाल.

आणि कानात बोळे घाला, टायर सोडून खऱ्या तायकोवर किंवा पुढच्या वर्षी ढोलावर गेलात की तरी. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरली जाते आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. फोमचे बोळे पिळून आत घातल्यावर अर्धा मिनिट बोटाने दाबून धरा. नुसते खोचले तर फुगून बाहेर येतात.

टिपरू_थापी:
टायर मिळाले, तीन. एकाची तार बाहेर आलीये, ते खाली बैठकीला वापरतो. रविवारी टेप मारतो.