लष्करातला कायदा अधिकारी हल्ला थांबवू शकतो का?

सागरवाट: हवाई हल्ल्याआधी लक्ष्य कायदा अधिकाऱ्याने तपासलं होतं, असं बातम्यांत येतं. नेमकं काय तपासतात? तो नाही म्हणाला तर कमांडरचे हात बांधले जातात का? आणि चकमक पेटलेली असताना कायद्याची पुस्तकं उघडायला वेळ कुठला?

कलम५७: नकाराधिकार नसतो. युद्धातल्या वागणुकीचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांना १९७७ साली जोडलेल्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलचं कलम ८२ एवढंच म्हणतं की योग्य पातळीवरच्या कमांडरला सल्ला द्यायला कायदा सल्लागार उपलब्ध हवेत. निर्णय कमांडरचा आणि जबाबदारीही त्याचीच. वकिलाने होकार दिला होता, एवढ्यावर कोणी सुटत नाही.

समजा, तीनमजली इमारत आहे. तळमजल्यावर शत्रूचं संदेश केंद्र, वर बिऱ्हाडं. पहिला प्रश्न: केंद्र आज चालू आहे, की माहिती दहा दिवसांची शिळी आहे? एकाच खबऱ्याच्या सांगण्यावर विसंबलोय, की हवाई छायाचित्रही जुळतंय? दुसरा: ते बंद पडल्याने ठोस फायदा काय? ‘शत्रूचं मनोधैर्य खचेल’ हे उत्तर चालत नाही. तिसरा: वर किती माणसं, कुठल्या वेळी? इथवर आल्यावर खरं काम सुरू होतं. छतावरचा अँटेना उडवला तर भागेल का? लहान बॉम्ब पुरेल का? माणसं बाहेर असतात अशी वेळ सापडते का? आगाऊ इशारा देता येईल का? सारखाच फायदा देणारी दोन लक्ष्यं असतील तर नागरिकांना कमी धोका असलेलं निवडायचं, हे त्याच प्रोटोकॉलच्या कलम ५७ मध्ये आहे.

म्हणून सल्ला सहसा हो किंवा नाही असा नसतो, ‘या अटींवर’ असा असतो. अटीही मोघम चालत नाहीत. शेवटच्या क्षणी गच्चीवर मुलं दिसली तर हल्ला रद्द कोणी करायचा, वैमानिकाने की नियंत्रण कक्षाने, हे आधीच ठरलेलं हवं.

नकाशेवाला: वरच्या उत्तराला एक जोड. संभाव्य नागरी हानीचा अंदाज काढायची सॉफ्टवेअरं असतात. शस्त्र, इमारतीचा प्रकार, वस्तीची दाटी भरली की आकडा येतो. हा आकडा मंजुरी कुठल्या पातळीवरून घ्यायची ते ठरवायला वापरतात. घोटाळा असा होतो की मर्यादेखाली आकडा आला म्हणजे हल्ला कायदेशीर, असं लोक धरून चालतात. लक्ष्य किरकोळ असेल तर दोन नागरिकांचा जीवही ‘अवाजवी’ ठरू शकतो. कायद्यात आकडा नाहीच, अपेक्षित फायद्याशी तुलना आहे. शिवाय दूरचे परिणाम त्या आकड्यात येत नाहीत. वीज उपकेंद्र पाडलं की पाण्याचे पंप बंद, मग रुग्णालय. हे विचारायला माणूसच लागतो.

रात्रपाळी: वेळेबद्दल. गोळीबार सुरू झाल्यावर सल्लागाराच्या हातात फारसं काही उरत नाही, त्याचं बरंचसं काम त्याआधीच उरकलेलं असतं. गोळी केव्हा झाडायची याचे नियम तो कमांडरबरोबर बसून लिहितो. हे नियम कायद्यापेक्षा कडक असू शकतात, सैल कधीच नाही. सैनिकाच्या खिशातल्या कार्डावर ते साध्या वाक्यांत हवेत. ‘अमुक नसल्याखेरीज तमुक करू नये’ असं लिहिलं की पहाऱ्यावरचा जवान गोंधळलाच म्हणून समजा. दुसरं काम, हल्ला न करण्याच्या ठिकाणांची यादी अद्ययावत ठेवणं.

यादी नुसती असून भागत नाही, हे ३ ऑक्टोबर २०१५ ला अफगाणिस्तानात कुंदुझला दिसलं. ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या वैद्यकीय मदत संस्थेचं रुग्णालय यादीत होतं, संस्थेने अक्षांश-रेखांशही कळवले होते. अमेरिकी विमान घाईत, पूर्ण माहितीविना उडालं. लक्ष्याच्या म्हणून दिलेल्या अक्षांश-रेखांशांवर मोकळं शेत दिसलं, तेव्हा वर्णनाशी मिळतीजुळती इमारत नजरेने निवडली गेली. मारा करण्याआधी त्या इमारतीचे अक्षांश-रेखांश मुख्यालयाला कळवले होते, पण ते यादीशी ताडून पाहिले गेले नाहीत. ४२ माणसं मेली. रुग्णालयातून शत्रूने गोळीबार केला तरी आधी इशारा आणि शक्य तिथे वाजवी मुदत द्यावी लागते, ही पायरी तर दूरच राहिली.

सागरवाट: आणि सल्ला धुडकावला तर? मुळात बढती कमांडरच्याच हातात असेल तर सल्लागार तोंड उघडेल का?

कलम५७: दुखरी नस आहे ही. म्हणून बऱ्याच सैन्यांत कायदा अधिकाऱ्याला वरिष्ठ कायदा अधिकाऱ्याकडे थेट जाण्याची वेगळी वाट ठेवतात. ती नसली की सल्ला हळूहळू साहेबाला रुचेल तसा होत जातो. अमेरिका आणि भारत या प्रोटोकॉलचे सदस्य नाहीत, पण नागरिक आणि सैनिक यांच्यात भेद करणं, हानी अवाजवी होऊ न देणं ही बंधनं सर्व देशांवर आंतरराष्ट्रीय रूढीनेही लागू आहेत. त्यामुळे कलम आपल्याला लागू नाही म्हणून विषय संपवता येत नाही.

धुडकावला तर नोंद करायची: वेळ, तेव्हा हाती असलेली माहिती, दिलेला सल्ला, झालेला निर्णय. नंतर चौकशी झाली तर निर्णय त्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीवर तोलला जातो, मागाहून कळलेल्या गोष्टींवर नाही. सरळसरळ बेकायदा आदेश असेल, उदाहरणार्थ शरण आलेल्यांना मारा, तर नोंदीवर थांबायचं नाही. त्याच क्षणी वरिष्ठांकडे जायचं. असा आदेश पाळणारा सैनिकही गुन्हेगार ठरतो, आणि हे त्याला आधी सांगून ठेवणं हेही सल्लागाराच्याच कामात येतं.