महाभियोगाला गुन्हाच लागतो का?

काही जण म्हणतात की फौजदारी गुन्हा असल्याशिवाय अमेरिकेच्या अध्यक्षावर महाभियोग आणता येत नाही. मला हे पटत नाही. प्रतिनिधीगृह (संसदेचं कनिष्ठ सभागृह) साध्या बहुमताने आरोप ठेवतं, खटला सिनेटमध्ये (वरिष्ठ सभागृहात) चालतो, दोषी ठरवायला दोन तृतीयांश मतं लागतात. दोषी ठरला तर पद जातं. तुरुंगात टाकणं न्यायालयाचं काम.

१९७४ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या न्यायिक समितीने अध्यक्ष निक्सनवर मंजूर केलेला दुसरा आरोप बघा: विरोधकांमागे करखातं लावण्याचा प्रयत्न, म्हणजे सत्तेचा गैरवापर. महाभियोग असल्याच गोष्टींसाठी हवा. उलट १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सनना संसदेने त्यांचे हात बांधण्यासाठीच केलेल्या कायद्यात पकडलं, युद्धमंत्री स्टँटनना काढलं म्हणून. सिनेटमध्ये दोषी म्हणणारे ३५, निर्दोष म्हणणारे १९; दोन तृतीयांशाला ३६ हवे होते, म्हणून एका मताने वाचले. माणूस मला अजिबात आवडत नाही, पण वाचले ते योग्यच झालं.