वजाबाकी अरबी आहे म्हणून वजा करायची?

रमतगमत (धागाकर्ता)
लेकीच्या तिसरीच्या पालक-ग्रुपवर काल एक यादी फिरत आली. मथळा ‘परकीय शब्द टाळा’. पहिल्याच ओळीत: ‘वजाबाकी’ अरबी, त्याऐवजी ‘व्यवकलन’ म्हणा.

माहिती खरी आहे, हे आधीच मान्य करतो. अरबीत ‘वज़अ’ म्हणजे ठेवणे, खाली उतरवणे. फारसी दप्तरात त्याचा अर्थ रकमेतून कापून घेणे असा झाला. ‘बाकी’ म्हणजे उरलेलं, तेही अरबीच. पण गंमत बघा, खुद्द अरबी पोरं शाळेत वजाबाकीला ‘तरह’ म्हणतात आणि इराणातली ‘तफरीक’. आपला जोडशब्द तिकडच्या पाटीवर नाहीच. सुटे भाग बाहेरचे असतील, जुळणी मराठीत शिरल्यावरची आहे. मग तो परका कसा?

काल रात्री ५२ वजा २८ चाललं होतं. दोनातून आठ जात नाहीत, शेजारून दशक मागून आणलं, त्याचे दहा सुटे केले, बारातून आठ गेले. पोरीला एवढं समजायला पाव तास लागला. त्यात आता ‘व्यवकलन’ कुठे कोंबू?

ताम्रपट
अहो रमतगमत, ‘कोंबू’ काय? भास्कराचार्यांच्या लीलावतीत, म्हणजे ११५० च्या सुमारास, बेरीज-वजाबाकीला संकलित आणि व्यवकलित असे शब्द आहेत. चाळीसगावजवळच्या पाटण्याला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याला दिलेल्या दानाचा. त्या लेखाचा शेवटचा भाग चक्क मराठीत आहे! म्हणजे शब्द घरातलाच होता. आपणच माळ्यावर टाकला आणि आता म्हणतोय जड आहे.

शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करून घेतला तो उगीच का? फारसीने व्यापलेल्या कारभाराला स्वतःचे शब्द हवेत, हे त्यांना साडेतीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

हिशेबनीस
ताम्रपट साहेब, कोश थोरच. पण त्या कोशाच्या काळात पेशव्याला पंतप्रधान केलं, मुजुमदाराला अमात्य आणि सुरनिसाला सचिव. पुढे पुण्यात शनिवारवाडा बांधणाऱ्या बाजीरावाला आपण काय म्हणतो? पेशवाच ना?

मी पस्तीस वर्षं आडतीच्या पेढीवर रोजकीर्द लिहिली. ‘हमाली, तोलाई वजा जाता निव्वळ रक्कम’ हे वाक्य हजारो पट्ट्यांवर माझ्या हाताने गेलंय. शेतकरी पट्टी वाचत नसे, बोट ठेवून विचारायचा, “वजा किती झाले?” त्याच्या पोटाशी बांधलेला शब्द होता तो. आणि यादीवाल्यांचं सोवळं खरं मानायचं, तर त्या एका ओळीत ‘हमाली’ अरबी, ‘वजा’ अरबी, ‘रक्कम’ अरबी. उरलं काय? तोलाई, ‘जाता’ आणि ‘निव्वळ’.

शेंगदाणा
बाळबोध शंका. ‘विनंतीवजा पत्र’ म्हणजे विनंती वजा करून उरलेलं पत्र का? आमचे साहेब पाठवतात ते तसंच असतं म्हणून विचारलं.

हिशेबनीस
@शेंगदाणा, हा हा! मूळ शब्द तोच. ‘वज़अ’ला ढब, धाटणी असाही अर्थ आहे. विनंतीच्या धाटणीचं ते विनंतीवजा. धमकीवजाही तसंच.

साबरमतीकर
माझं सासर गुजराती. तिथे वजाबाकीला ‘बादबाकी’ म्हणतात. बादही अरबी, बाकीही अरबी. नवऱ्याला विचारलं, शुद्ध गुजराती शब्द काय? म्हणाला, हाच.

निवृत्त मास्तर
दोन्ही बाजूंनी एक शब्द विसरलाय. ‘उणे’. संस्कृत ‘ऊन’ पासून थेट घरी आलेला. तो कुणाला जड वाटत नाही. थंडीच्या बातमीत ‘उणे दहा’ म्हणतोच आपण. एवढंच काय, एकोणीस, एकोणतीस यांच्या पोटात तो बसलेला आहे: वीसला एक उणे. मी वर्गात ‘आठ उणे तीन’ आणि ‘आठातून तीन वजा’ दोन्ही म्हणायचो, पोरांची कधी तक्रार नाही. पण क्रियेचं नाव म्हणून ‘उणेकरण’ वगैरे काढू नका, हात जोडतो.

ताम्रपट
मास्तर, उणेबद्दल शंभर टक्के सहमत. पण माझा मुद्दा सोवळ्याचा नाही, शब्दाचा अर्थ दिसण्याचा आहे. उलट दिशेचं उदाहरण देतो. आपल्या त्रिकोणमितीतली ‘ज्या’, म्हणजे धनुष्याची दोरी. तिचंच दुसरं नाव जीवा. ते अरबांनी ‘जीबा’ करून घेतलं. अरबीत स्वर सहसा लिहीत नाहीत, त्यामुळे पुढच्यांनी ती अक्षरं ‘जैब’ वाचली, म्हणजे अंगरख्याची गळ्याजवळची खोल घडी. बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या घडीचा ‘सायनस’ केला, आणि आज आपली पोरं ‘साइन थीटा’ घोकतात. धनुष्य गेलं, दोरी गेली, उरला खळगा. ज्याचा अर्थ कळत नाही तो शब्द उसना घेतला की असं होतं.

रमतगमत
उदाहरण फक्कड! पण ते माझ्याच बाजूचं नाही का? अर्थ तीनदा हरवला तरी साइनची किंमत कुठे बिघडली? तीस अंशाला निम्मीच येते. आणि वि-अव-कलन यातलं तिसरीच्या मुलीला काय दिसणार? हिंदी माध्यमात ‘अवकलन’ म्हणजे डिफरन्शिएशन. पुढे बारावीला ती हिंदी पुस्तक उघडेल तेव्हा हा गोंधळ कोण निस्तरणार? तुम्ही?

साबरमतीकर
अवांतर: जैबवरूनच हिंदीतली जेब आली ना? आपण मराठीत खिसा म्हणून सुटलो!

हिशेबनीस
नाही सुटलो, ताई. खिसा म्हणजे ‘कीसा’, पैशाची पिशवी. अरबी-फारसीच.

ताम्रपट
तिसरीपुरतं मागे घेतो. वजाबाकी राहू दे. पण आठवी-नववीच्या पुस्तकात एका चौकटीत तरी भास्कराचार्यांचे शब्द छापा, हा हट्ट सोडणार नाही. पाटण्याच्या इतक्या जवळ राहून पोरांना व्यवकलित हा शब्द कानावरूनही जाऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

रमतगमत
चौकटीला माझं अनुमोदन. जमल्यास वजा आणि बाकीचाही प्रवास त्याच चौकटीत छापा.

ग्रुपवर मी एवढंच विचारलं की व्यवकलन म्हणजे काय ते मुलांना कसं सांगायचं. यादी पाठवणाऱ्या काकूंचं उत्तर दोन मिनिटांत आलं: “सोपं आहे हो, वजाबाकी.”