मामांचं अमेरिकेतलं रिटायरमेंट खातं, ७३ नंतर पैसे काढावेच लागतात का?

प्रतापनगरकर:
मामा २८ वर्षं अमेरिकेत नोकरी करून नागपूरला परत आले, पासपोर्ट तिकडचाच, जन्म १९५२ चा, म्हणजे या नोव्हेंबरात (२०२५) ७३ पूर्ण झाले. दोन ट्रॅडिशनल आयआरए (स्वतः उघडलेली रिटायरमेंट खाती) आणि जुन्या कंपनीचं एक फोर-ओ-वन-के (नोकरीतलं रिटायरमेंट खातं) आहे. आता पत्र आलं की आरएमडी (सक्तीने काढायची किमान रक्कम) म्हणून दरवर्षी ठरावीक रक्कम काढायची. मामा म्हणतात सोशल सिक्युरिटी (तिकडची सरकारी पेन्शन) पुरून राहिली, मग कशाला हात लावू. पत्र फ्रिजला चुंबकाखाली लावलंय आणि रोज मला विचारतात. नाही काढले तर काय होते?

धंतोलीवाला:
काढावेच लागतात जी, गरज असो नसो. इतकी वर्षं त्या पैशावर टॅक्स भरला नाही ना, तो आता वसूल करतात. आधी वय साडेसत्तर होतं, मग ७२, २०२३ पासून ७३, आणि १९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ७५. हिशेब असा, मागच्या ३१ डिसेंबरची शिल्लक भागिले आयआरएसच्या (तिकडच्या आयकर खात्याच्या) तक्त्यातला आकडा, ७३ ला तो २६.५ आहे. समजा ३१ डिसेंबर २०२४ ला १,३२,५०० डॉलर होते तर ५,००० काढायचे. दोन्ही आयआरएची बेरीज एकातूनच काढली तरी चालते, फोर-ओ-वन-केचं मात्र त्याच्यातूनच.

पहिलं १ एप्रिल २०२६ पर्यंत ढकलता येते, पण मग दुसरं ३१ डिसेंबर २०२६ च्या आत आलंच, एकाच वर्षात दोन्ही उत्पन्नात धरतात आणि टॅक्सचा स्लॅब वर जाऊ शकते. मी तर म्हणतो याच डिसेंबरात काढून घ्या.

लक्ष्मीनगर_ताई:
कृपा करून पत्र फ्रिजवर ठेवू नका. आमच्या बाबांचं पत्र तिकडच्या जुन्या पत्त्यावर जात राहिलं, आम्हाला वर्षभर पत्ताच नाही. जेवढे काढायचे राहिले त्याच्या २५ टक्के दंड असतो, म्हणजे ५,००० वर १,२५०. दोन वर्षांत चूक दुरुस्त केली तर १० टक्के. आम्ही राहिलेली रक्कम लगेच काढली, या दंडासाठीचा आयआरएसचा फॉर्म ५३२९ भरून सोबत कारणाचं पत्र जोडलं तेव्हा दंड माफ झाला, पण ते चार महिने आई रात्री झोपली नाही.

आणि मामांना सांगा, आयआरएतून काढायचं म्हणजे शेअर विकायचेच असं नाही, तेच शेअर साध्या ब्रोकरेज खात्यात वळते करता येतात. टॅक्स तेवढा त्या दिवशीच्या किमतीवर लागतो.

प्रतापनगरकर:
ताई, हे शेअरचं ऐकून मामा एकदम तयार झाले! पण फोर-ओ-वन-केचा ओटीपी त्यांच्या जुन्या अमेरिकन नंबरवर जातो, तो नंबर बंद आहे.

धंतोलीवाला:
मग आज रात्रीच फोन करा, तिकडे तेव्हा सकाळ असते. मामांना स्वतः बोलू द्या, ओळख पटवून नंबर बदलायला वेळ लागते, आणि डिसेंबरात तिकडे सुट्ट्या सुरू होतात. इथल्या रिटर्नमध्येही हे दाखवावं लागेल, त्यासाठी दोन्हीकडचं पाहणारा सीए आत्ताच गाठा.